जखमेला एक गोळी

भिंगारदिवे मामा जखमेकडे डोळ्यांनी पाहण्याआधी नाकाने पाहत. पट्टी उलगडत आणली, की कापसाचा शेवटचा थर उचलण्यापूर्वी ते थांबत, मान किंचित तिरकी करत आणि सावकाश श्वास आत घेत. तेवढ्यावर त्यांचे निदान होऊन जाई. "आज बरी हाय," किंवा "काल कुनीतरी पानी लावलंय हिला." जखम त्यांच्या बोलण्यात नेहमी 'ही' असे, आणि रोगी, मग तो कुणीही असो, 'हिचा मालक'.

नगरच्या ज्या धर्मादाय रुग्णालयात मी डॉक्टर म्हणून पहिली नोकरी केली, तिथे ते ड्रेसर होते. दुष्काळाचे दुसरे वर्ष होते. मी पुण्याहून नुकतीच पदवी घेऊन आले होते आणि चारचौघांत बोलण्याची मला इतकी भीती होती, की रोग्याला सांगायचे ते कमीत कमी शब्दांत सांगून मी मोकळी होत असे. आयुष्यभर औषधांच्या चिठ्ठ्यांपलीकडे मी काही लिहिले नाही. आता सत्तरी ओलांडल्यावर हे लिहायला घेतले आहे, ते नीट जमेल याची खात्री नाही. पण मामांविषयी मी लिहिले नाही, तर दुसरे कुणी लिहील असे वाटत नाही.

मामांचे घर भिंगारला होते. तरुणपणी ते लष्कराच्या फिरत्या दवाखान्यात होते आणि तिथून त्यांनी तीन गोष्टी आणल्या होत्या: पाठीचा ताठा, चपटी गाठ आणि रांगेचा नियम. चपटी गाठ म्हणजे पट्टीची दोन टोके अशी बांधायची की गाठ कातडीला टोचणार नाही आणि आपोआप सुटणारही नाही. ती नेहमी पायाच्या बाहेरच्या अंगाला येई. रांगेचा नियम असा, की स्वच्छ जखमा आधी आणि पू असलेल्या मागून, म्हणजे एकीची घाण दुसरीला लागत नाही. या नियमाला अपवाद नव्हता. एकदा तालुक्याचे एक पुढारी मानेवरचे गळू घेऊन, दोन माणसे बरोबर घेऊन आले आणि सरळ स्टुलावर बसले. मामांनी गळवाकडे पाहिले, श्वास घेतला आणि हात जोडले.

"साहेब, तुमी शेवटी."

"मला ओळखलं नाही का तुम्ही?"

"तुमाला वळखलं की. पन हिला बी वळखलं. लई घान हाय ही. समद्यांच्या मागं बसा."

पुढारी दोन तास बाकावर बसले. त्यांच्यानंतर कुणीच उरले नव्हते, म्हणून मामांनी त्यांचे गळू इतक्या निगुतीने फोडले, की जाताना तेच मामांच्या पाया पडायला वाकले. मामांनी पाय मागे घेतले. "मान वाकवू नका, पट्टी सरकंल."

त्यांची आणखी एक पद्धत होती आणि तिच्याशिवाय पुढचे काही सांगता येणार नाही. क्ष-किरण विभागातून टाकून दिलेल्या फिल्म ते सोड्याच्या गरम पाण्यात धुऊन काचेसारख्या पारदर्शक करत. त्यांचे तुकडे स्पिरिटमध्ये बुडवून ठेवलेले असत. दर सोमवारी जुन्या जखमेवर असा तुकडा अलगद धरून मेणाच्या पेन्सिलीने तिची कड गिरवायची, कोपऱ्यात तारीख घालायची आणि तो तुकडा खिळ्याला लटकवायचा. मागच्या सोमवारचा नकाशा आजच्या नकाशाखाली धरला, की जखम किती आक्रसली ते खिडकीच्या उजेडात लख्ख दिसे. हे त्यांना कुणी शिकवले, असे मी विचारले, तेव्हा ते म्हणाले, "शिकवतंय कोन? डोळ्याला लवकर बरं वाटायची खोड असती. म्हनून गिरवून ठिवायचं."

चंद्रभागेच्या जखमेचे असे बारा नकाशे खिळ्याला होते आणि बाराही एकमेकांवर तंतोतंत बसत होते.

ती पाथर्डीकडची. दुष्काळी कामावर खडी फोडताना उडालेली कपची नडगीत घुसली, त्याला चार महिने होऊन गेले होते. वय पस्तिशीचे, पण दिसे पन्नाशीची. नवरा दूरच्या कामावर होता; बरोबर सासू होती, राधाबाई. दोघी रुग्णालयाच्या आवारातल्या धर्मशाळेत राहत, तिथेच तीन दगडांवर भाकरी भाजत आणि एक दिवसाआड, शिवाय सोमवारी नकाशासाठी, ड्रेसिंगला येत. मोठ्या डॉक्टरांनी, म्हणजे आमच्या सर्जननी, लघवीतली साखर तपासली, महारोग तपासला, क्षय तपासला. एकदा मांडीची कातडी काढून जखमेवर लावून पाहिली. ती गळून पडली. आता जखमेच्या तळाशी हाड दिसू लागले होते.

"गुडघ्याखाली काढावा लागेल," एका सकाळी ते तिच्यासमोरच म्हणाले. "हाडात पू शिरला तर पायाबरोबर बाई जाईल."

चंद्रभागेला प्रश्न पोचायला आणि उत्तर यायला वेळ लागे. मोठे डॉक्टर दाराबाहेर गेले, तेव्हा तिचा घोगरा आवाज आला, "मामा, पाय ऱ्हाऊ द्या."

"ऐका!" राधाबाई कडाडली. "आत्ता बोलतीया! सायेब व्हते तवा दातखीळ बसली व्हती. लई सुस्त झालीय दादा ही. आदी अशी नव्हती. दोन बायांचं काम एकटी उपसायची. आता उठवलं तर उठती, बसवलं तर बसती." मग तिचा आवाज एकदम खाली आला. "पाय गेला तर हिला कामावर कोन घेईल? माझं काय, मी पिकलं पान. हिचं समदं हुभं आयुष्य हाय."

पट्टी बांधून झाल्यावर मामांनी मला खुणेने जवळ बोलावले.

"डॉक्टरीनबाई, हिला रागच न्हाई."

"कुणाला?"

"जखमेला. चार महिने उघडी हाय, तर लाल हुईल, सुजंल, पू धरंल, न्हाईतर भरून येईल. ही काहीच करत न्हाई. नुसती बसून हाय, मालकिनीवानी. आनि मालकीन बगा. चैत संपला, आपुन घामानं निथळतोय, हिच्या अंगावर घोंगडी."

खरोखरच तिने घोंगडी पांघरली होती. आम्ही इतके दिवस ती पाहत होतो आणि गरिबाच्या अंगावर जे असेल ते असते, असे समजून सोडून देत होतो.

"आनि हे." त्यांनी तिला लाकडी घडवंचीवर चांगल्या पायाचा गुडघा टेकवायला लावला, त्या पायाचे पाऊल कडेबाहेर लोंबत होते. टाचेमागच्या शिरेवर त्यांनी हाताच्या कडेने हलकेच टपली मारली. पाऊल झटकन मागे गेले आणि मग सावकाश, कुरकुरत्या बिजागरीच्या दारासारखे, परत आले. "पट्टी बांदताना टाचेला घडवंचीचा धक्का लागला की हे असं हुतं. दुसऱ्यांचं पाऊल गेलं तसं येतं. हिचं जातं, पन यायला टाइम घेतं. का?"

मला उत्तर माहीत होते, याचे आज मला जितके समाधान आहे, त्याहून ते मला आधी सुचले नाही याची लाज अधिक आहे. गळ्यातली अवटू ग्रंथी, जिला आम्ही थायरॉईड म्हणत असू, तिचा स्राव कमी पडला की असेच होते. शरीराने किती वेगाने काम करावे, हे तो स्राव ठरवतो. तो आटला की नाडी मंदावते, आवाज घोगरा होतो, कातडी कोरडी पडते, भुवयांची टोके विरळ होतात, माणूस उन्हाळ्यात कुडकुडतो आणि घरचे त्याला आळशी म्हणू लागतात. तुटलेल्या मांसाच्या जागी नवे उभे करण्याचे कामही त्याच वेगाने चालते. मी तिची नाडी मोजली. मिनिटाला पन्नास.

मोठ्या डॉक्टरांनी माझे ऐकून घेतले, हेच पुष्कळ झाले. ही तपासणी नगरात होत नव्हती आणि पुण्याला रक्त पाठवून उत्तर येईपर्यंत पाय वाट पाहील की नाही, हे सांगता येत नव्हते. "एक महिना देतो," ते म्हणाले. "गोळ्या सुरू करा. आजपासून पाचव्या आठवड्यातल्या गुरुवारी मी तिचं नाव शस्त्रक्रियेच्या यादीत घालतो आहे. ताप आला तर त्याच्याही आधी."

मी औषधालयातून गोळ्यांची पुडी आणली, धर्मशाळेच्या पायरीवर राधाबाईच्या हातात दिली आणि नेहमीसारखी थोडक्यात सांगून परतले: "ही गोळी जखमेला आहे. रोज सकाळी एक. चुकवू नका." राधाबाईने पुडी कपाळाला लावली.

मामांनी मात्र तिला या औषधाचा अर्थ सविस्तर समजावला. मी ते दारातून ऐकले. "मावशी, तुमच्या कामावर मानसं हायेत, खडी हाय, घमेली हायेत, पन मुकादमच आला न्हाई, तर काम हुईल का?"

"कशाचं हुतंय! समदी झाडाखाली बसत्याल."

"तसं झालंय हिच्या अंगात. ही गोळी म्हंजी मुकादम."

"मंग लवकर धाडा की त्याला कामावर," म्हातारी म्हणाली, आणि मामा मोठ्याने हसले.

पहिल्या सोमवारचा नकाशा आधीच्यांवर तंतोतंत बसला. इतक्यात काही दिसायचे नव्हते, हे मी त्यांना सांगितले. दुसरा सोमवारही तसाच गेला. मी नाडी मोजली, पन्नासच. औषधाची मात्रा जपून वाढवायची असते, नाहीतर मंदावलेल्या हृदयाला ते सोसत नाही. तरी मी पुडीवर 'दोन' लिहिले आणि राधाबाईला दोन बोटे दाखवली. तिसऱ्या आठवड्यात शस्त्रक्रियागृहाबाहेरच्या फळ्यावर चंद्रभागेचे नाव लागले. मी त्या वाटेने जाणे टाळू लागले. माझे निदान चुकले आहे आणि माझ्या हट्टापायी त्या बाईचा एक महिना वाया जातो आहे, असे मला मनोमन वाटू लागले होते.

गुरुवारला अकरा दिवस उरले असताना, रविवारी सकाळी, पट्ट्या सोडून देणारा वॉर्डातला पोरगा आला नव्हता, म्हणून मामांनी स्वतः कात्री हातात घेतली आणि ती तशीच खाली ठेवली.

"ही गाठ माझी न्हाई."

मी पुढे होऊन पाहिले. मला ती गाठच दिसत होती.

"माझी गाठ चपटी. ही भाकरीच्या फडक्याची गाठ हाय." ते राधाबाईकडे वळले, आवाज एवढासाही चढला नव्हता. "मावशी, पट्टी तुमी सोडता व्हय?"

"सोडती की. सोडल्याबिगार गोळी कशी घालू?"

"कशी घालता?" मामांनी विचारले.

"वरवंट्यानं कुटती, बारीक पीठ करती आनि भुरभुरती. एक दाना वाया जाऊ देत न्हाई. रोजच्याला. तुमी बांदता त्या दिवशी पट्टी झाल्याव, आडच्या दिवशी सकाळी." तिने माझ्याकडे बोट केले, अगदी कौतुकाने. "ह्या बाईसाहेबच म्हनल्या न्हवं, गोळी जखमेला हाय म्हनून."

जखमेला. डोळ्याला थेंब, गुडघ्याला तेल, जखमेला गोळी. मी काय म्हणाले होते आणि तिने काय ऐकले होते, यांत एका अक्षराचाही फरक नव्हता. शिवाय त्या काळी जखमेवर गोळ्यांची पूड टाकण्याचा प्रघात घरोघर होता. पोटात घ्यायची, हे दोन शब्द मी वाचवले होते. मुकादम तीन आठवडे दाराबाहेर उभा होता.

राधाबाई आमच्या चेहऱ्यांकडे पाहत राहिली. "काय चुकलं का माझं?"

"तुमचं न्हाई," मामा म्हणाले. त्यांनी खारट पाण्याने जखम धुतली आणि पांढरी खपली निघेपर्यंत धूत राहिले. "ह्यो पांढरा थर मी दोनदा बघितला. वार्डातल्या पोरांनी सल्फाची पावडर टाकली आसंल म्हनलं. इचारलं न्हाई. आमी समदे शिकलेले हाय ना, म्हनून."

मग ते मला बाहेर व्हरांड्यात घेऊन गेले. "सायबांना तुमी सांगा."

"मामा, मला नाही हो जमणार. तुम्ही..."

"मी सांगितलं तर म्हातारीवर जाईल. अडानी बाईनं घोळ केला म्हनत्याल आनि पाय कापत्याल. तुमी सांगितलं तर तुमच्यावर ऱ्हाईल." एवढे बोलून ते आत गेले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरे झाले असते.

मोठ्या डॉक्टरांसमोर मी जे बोलले, ते माझ्या आयुष्यातले पहिले लांबलचक बोलणे. ते संपल्यावर त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"म्हणजे तीन आठवडे तुम्ही हाडावर पूड भुरभुरवलीत."

"हो, सर."

"गुरुवार बदलणार नाही. तोपर्यंत काही दिसलं, तर दाखवा."

दुसऱ्या सकाळपासून चंद्रभागा ड्रेसिंगच्या खोलीत येऊन मामांसमोर गोळी गिळू लागली. गिळल्यावर ते तिला तोंड उघडायला लावत, जीभ वर करायला लावत. राधाबाई रोज विचारी, "मुकादम गेला का आत?" आणि मामा म्हणत, "गेला. आता हजेरी घ्यायला टाइम द्या त्याला." पण त्यांना हसू येत नसे. पुढच्या सोमवारचा नकाशाही हलला नव्हता. मंगळवारी नाडी छप्पन्न झाली. मी ती तीनदा मोजली, कारण माझ्या स्वतःच्या बोटांतली नाडी इतकी उडत होती, की कुणाची कोणती ते कळेना.

बुधवारी दुपारी पाय तयार करण्याचा हुकूम आला. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी पाय गुडघ्यापर्यंत भादरून, औषधाने रंगवून, निर्जंतुक फडक्यात गुंडाळायचा. हे काम मामांचे. त्यांनी वस्तरा, साबण, वाडगा सगळे मांडले आणि ते स्टुलावर बसून राहिले. तास गेला. हुकूम पुन्हा आला. ते उठले नाहीत. अशा गोष्टीसाठी माणसाला कामावरून काढून टाकत, हे त्यांनाही ठाऊक होते आणि मलाही.

शेवटी मोठे डॉक्टर स्वतः आले.

"भिंगारदिवे, पाय तयार नाही?"

मामा ताठ उभे राहिले. "न्हाई, सायब."

"का?"

"तुमी आदी हिला हात लावून बगा. जखमेला न्हाई. हिला. घोंगडीच्या आत, मानेला."

असले बोलणे त्या खोलीत कधी कुणी केले नव्हते. मोठ्या डॉक्टरांनी एकदा माझ्याकडे पाहिले. मग त्यांनी घोंगडीची कड बाजूला केली आणि चंद्रभागेच्या मानेवर हात ठेवला. तो तसाच राहिला. परत घेतला, तेव्हा त्यांनी बोटे एकमेकांवर घासली.

बोटे ओली होती.

"सकाळधरनं हाय," मामा म्हणाले. "वरल्या ओठाला पयला दिसला. आदी उन्हाचा असंल म्हनलं, म्हनून तिला आत आनून गार फरशीवर बसवली. तरी हाय."

"मला उकडतंया," चंद्रभागा म्हणाली. वेळ न लावता बोललेले तिचे हे पहिले वाक्य. पदराने तिने गळा पुसला. "ही घोंगडी काढू का, सायेब?"

मोठे डॉक्टर बराच वेळ जखमेवर वाकून होते. मग म्हणाले, "पंधरा दिवस. ताप आला तर त्या क्षणी." दारातून ते पुन्हा वळले. "आणि वस्तरा उचलून ठेवा, भिंगारदिवे. कुणाला तरी लागेल."

पंधरा दिवसांनी नकाशा पहिल्यांदा आत सरकला, गव्हाच्या दाण्याएवढा. मामांनी दोन तुकडे खिडकीत धरले आणि मला, राधाबाईला, झाडूवाल्याला, दारावरून जाणाऱ्या प्रत्येकाला बोलावून दाखवले. जखमेच्या कडेला पातळ, गुलाबी, ओलसर चकाकणारी कातडी आली होती. हाड झाकायला आणखी दीड महिना लागला आणि पुरते बुजायला त्याहून अधिक. हे गोळीने झाले, की विश्रांतीने, की म्हातारीने कुटून घालणे थांबवल्याने, असे मोठ्या डॉक्टरांनी मला एकदा विचारले. मी सिद्ध करू शकले नाही. आजही करू शकणार नाही.

पोळ्याच्या सुमाराला त्या दोघी गावी निघाल्या. गोळी आता जन्मभर घ्यायची होती. ते सांगताना मी तीन वेळा 'पोटात' म्हणाले, तेव्हा राधाबाईने मलाच दटावले, "कळलं वो बाईसाहेब, किती येळा सांगताल!" त्याच आठवड्यात मलाही पुढच्या शिक्षणासाठी नगर सोडायचे होते. मी आणि मामा त्यांना पोचवायला एसटी स्टँडवर गेलो. पाथर्डीची गाडी आधीच भरली होती. मामा गर्दीतून आत घुसले. खिडकीतून त्यांचा आवाज ऐकू येत होता.

"उठा वो पावनं, ह्या बाईला पाय लांब करू द्या. कातडी नवी हाय, कवळी."

"मग आमी कुठं बसायचं? तुमच्या डोक्यावर?"

"बसा. पन पायाला धक्का लावू नका."

कुणीतरी हसले, कुणीतरी उठले. कंडक्टरने घंटी ओढली आणि गाडी हलली. मी हाक मारली, "मामा, उतरा!" पण मामा उतरले नाहीत. गाडी फाटकातून वळताना मला मागच्या काचेतून आतले दिसले. दोन बाकांच्या मधल्या वाटेत, लोकांच्या पायांत आणि बोचक्यांत, ते फतकल मारून बसले होते, आणि चंद्रभागेची टाच त्यांनी आपल्या मांडीवर घेतली होती.